दीर, जाऊ आणि भरताचं वांगं

खानदेशात डोळ्याला 'डोया' म्हणतात. काळा 'काया' होतो, फळ 'फय', केळं 'केयं'. रावेर-यावलची लेवा बोली असो की धुळे-अमळनेरकडची अहिराणी, 'ळ' दिसला की त्याचा 'य' व्हायचाच. शहरी कानाला हा जिभेचा आळस वाटतो. पण आळसच असता तर त्याच माणसाने बैलाला 'बैय' म्हटलं असतं, तेलाला 'तेय' म्हटलं असतं. तसं कोणी म्हणत नाही. बैल बैलच राहतो, तेल तेल, फूल फूल, गाल गाल. 'काळ'चा 'काय' होतो, पण 'काल'ला कोणी हात लावत नाही.

याचं उत्तर प्राकृतात आहे. प्राकृतात दोन स्वरांच्या मधे एकटा 'ल' असेल तर मराठीत त्याचा 'ळ' झाला: फल, फळ. जोड 'ल्ल' असेल तर एक 'ल' गळाला आणि उरलेला 'ल' तसाच राहिला: तेल्ल, तेल, फुल्ल, फूल, गल्ल, गाल, बइल्ल, बैल. कालचा दिवस संस्कृत 'कल्य'मधून 'कल्ल' होत आला, म्हणून तो 'काल'. वेळेचा 'काळ' सरळ 'काल'मधून आला, म्हणून त्याला 'ळ'. खानदेशी बोलीने पुढे फक्त त्या 'ळ'ला पकडलं. म्हणजे शाळेचं तोंड न पाहिलेली आजी 'काया' आणि 'काल' यांत जो फरक करते, तो फरक दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ल' आणि 'ल्ल'चा आहे, आणि तो बिनचूक आहे.

शब्दांची कुळं शोधण्याचं सगळं शास्त्र या एवढ्या उदाहरणात बसतं. ध्वनी बदलतो तो शब्द बघून नव्हे, जागा बघून. एका जागी बदलला तर तशा सगळ्या जागी बदलतो. सुटला तर सुटण्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत थांबायचं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी, लिथुआनियन, इंग्रजी या एका कुळातल्या भाषा आहेत हे शब्द सारखे दिसतात म्हणून सिद्ध झालेलं नाही. ते वेगळे दिसतात आणि तो वेगळेपणा नियमाने चालतो, म्हणून झालं.

सारखेपणा तर आधीच लक्षात आला होता. गोव्यात राहून मराठीत लिहिणाऱ्या थॉमस स्टीफन्सने १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनशी मिळते असं म्हटलं होतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं गाजलेलं भाषण १७८६चं. पण खरी कलाटणी त्यानंतरची: डॅनिश अभ्यासक रास्कने १८१८मध्ये आणि जर्मन अभ्यासक याकोब ग्रिमने १८२२मध्ये जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या शाखेतल्या, भाषांतल्या व्यंजनांचा हिशेब मांडला. संस्कृत-लॅटिनमधला 'प' इंग्रजीत 'फ' होतो, 'त'चा 'थ', 'क'चा 'ह'. 'द'चा होतो 'ट'. पाद, लॅटिन पेद्, इंग्रजी फूट. दंत, लॅटिन देंत्, इंग्रजी टूथ. दश, लॅटिन देकेम, इंग्रजी टेन. आपल्याकडे याच शब्दांचे पाय, दात, दहा झाले.

हा हिशेब हाती आला की गावगप्पांतल्या अर्ध्या व्युत्पत्त्या आपोआप गळतात. इंग्रजी 'कट' आणि संस्कृत 'कृत्', ज्यातून आपलं कातरणं आलं, ही जोडी फार लोकप्रिय आहे. दोन्हीत 'क', दोन्हीत 'त', अर्थही कापण्याचा. पण तोच 'क' इंग्रजीत वारशाने गेला असता तर 'ह' होऊन गेला असता. 'क'ला 'क' जुळतो, म्हणूनच ही जोडी खोटी. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचंही तेच, अर्थ एक, आवाज एक, नातं काही नाही. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो. फार जुळणारी जोडी दिसली की आधी संशय घ्यायचा.

आता प्रत्यक्ष माग कसा काढतात ते पाहू. शब्द पहिल्यांदा टिपायचा तो कानाने, लेखी रूपाने नव्हे. सोबत गाव, बोलणाऱ्याचं साधारण वय आणि ज्या वाक्यात तो आला ते अख्खं वाक्य. मग लिंग लिहायचं, कारण ध्वनी झिजतात पण लिंग चिवट असतं. 'ते नाव' आणि 'ती नाव' आज कानाला एकच. पहिलं संस्कृत नपुंसकलिंगी 'नामन्'चं, लॅटिन 'नोमेन' आणि इंग्रजी 'नेम' त्याची भावंडं. दुसरं स्त्रीलिंगी 'नौ'चं, लॅटिन 'नाविस'चं नातलग. दोन्ही शब्द या कुळात अगदी तळापर्यंत जातात आणि मराठीत येऊन एकमेकांवर आदळतात. 'ते' आणि 'ती' एवढाच पुरावा उरतो. अजून एक पुरावा होता, तो आपण आपल्या हाताने पुसला. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील पुस्तकात 'नांव', 'दांत', 'पांच', 'जांतें' असं दिसेल. ते टिंब म्हणजे नामन्-चा 'म', दन्त-चा 'न', पञ्च-चा 'ञ', यन्त्र-चा 'न'. हो, घरातलं जातं म्हणजे 'यंत्र'च. मुलांना टिंबं पाठ करायला लावणं बंद झालं हे बरंच झालं, पण व्युत्पत्ती शोधणाऱ्याने जुनी छपाई उघडायलाच हवी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत ती टिंबं जागच्या जागी आहेत.

लिंग आणि जुनं लेखन मिळालं की बहिणी-भाषा गोळा करायच्या: गुजराती, हिंदी, पंजाबी, कोकणी. खानदेशाच्या शब्दाला गुजराती तर हवीच. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशी मराठीच्या खंडात नाही, १९०७ साली निघालेल्या भिल्ली भाषांच्या खंडात आहे, ते उगीच नव्हे. मग मराठीतला दीर्घ स्वर तपासायचा. हात, सात, आठ, साप, दूध यांतल्या दीर्घ स्वरामागे बहुधा प्राकृताचं जोडाक्षर दडलेलं असतं: हत्थ, सत्त, अट्ठ, सप्प, दुद्ध. पंजाबीत ते द्वित्त अजून कानाला ऐकू येतं. तिथून संस्कृत, मग इराणी शाखेतलं अवेस्ता (पारशांच्या धर्मग्रंथाची भाषा) किंवा फारसी, आणि त्यानंतर एकमेकींना सहज भेटल्या नसतील अशा निदान दोन-तीन दूरच्या शाखा. शेवटी प्रत्येक अक्षराचा हिशेब. एकही अक्षर हवेत राहिलं की शब्द बाजूला ठेवायचा.

शब्दकोशांत टर्नर यांचा हिंद-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश (१९६२ ते १९६६) सगळ्यात कामाचा. त्यात संस्कृत मूळ शब्दाला क्रमांक आणि खाली काश्मिरीपासून सिंहलीपर्यंतची रूपं. मोल्सवर्थ आणि टर्नर दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कृ. पां. कुलकर्णींचा १९४६चा मराठी व्युत्पत्तिकोश जवळ ठेवावा, पण कोणत्याही एका कोशावर विसंबून पुढची उडी मारू नये.

आता एक घर घेऊ. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि झोक्यावरच्या गाण्यांत सासरच्या माणसांचा उद्धार होतो. त्या सासरच्या माणसांची यादीच घ्यावी. सासू, सासरा, दीर, जाऊ. आणि जिच्या तोंडी गाणं आहे ती, सून. हे पाचही शब्द मराठीला कोणाकडून उसने मिळालेले नाहीत. पाचही मूळ कुळातून पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी चालत आले.

सून जरा जवळून बघण्यासारखी आहे. संस्कृत 'स्नुषा'. लॅटिनमध्ये 'नुरुस', ग्रीकमध्ये 'नुओस', रशियनमध्ये 'स्नोखा', जुन्या इंग्रजीत 'स्नोरु'. लॅटिनमध्ये सुरुवातीच्या 'स्न'मधला 'स' गळतो आणि दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' होतो, जसं संस्कृत 'जनसः'ला लॅटिन 'गेनेरिस'. ग्रीकमध्ये स्वरांमधला 'स' पुरता नाहीसा होतो. म्हणजे 'स्नुस' असं काहीतरी मूळ धरलं तर नुरुस आणि नुओस दोन्ही नियमाने निघतात. संस्कृतात 'उ'नंतर 'स'चा 'ष' होतो, म्हणून 'स्नुषा'. प्राकृतात आल्यावर अक्षरांची उलथापालथ होऊन 'सुण्हा', आणि मराठीत 'सून'. मूळ 'स्नुस' समोर तारांकन लावायची रीत आहे. तारा म्हणजे हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, तो हिशेबाने काढला आहे. ही तारा विसरून मूळ शब्द जणू शिलालेखात वाचला अशा थाटात लिहिणारे खूप आहेत.

सासूत एक सापळा आहे. लॅटिन 'सोक्रुस', रशियन 'स्वेक्रोव', जर्मन 'श्वीगर'. यांवरून सुरुवातीला 'स्व' होतं हे उघड आहे, अवेस्ताही तेच सांगते. संस्कृतात मात्र 'श्वश्रू', दोन्हीकडे 'श'. पुढच्या 'श'ने मागच्या 'स'ला आपल्यासारखं करून घेतलं. आता मराठीत 'सासू'. म्हणजे मराठीने संस्कृतापेक्षा जुना 'स' जपला म्हणायचं का? मुळीच नाही. प्राकृतात श, ष, स तिघांचा एकच 'स' झाला होता, त्यात श्वश्रूचे दोन्ही 'श' गेले. जुना 'स' हरवला होता, नवा वेगळ्या वाटेने आला. असा फसवा जुनेपणा जागोजाग भेटतो. खेडोपाडी वीसला 'ईस' म्हणतात आणि ग्रीकमध्ये वीसला 'एइकोसी'. दोन्हीकडे मूळचा 'व' गळालेला, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

दिराची गोष्ट यास्काला भिडते, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या 'निरुक्त' या प्राचीन ग्रंथाच्या कर्त्याला. संस्कृत 'देवर', प्राकृत 'दिअर', मराठी 'दीर'. निरुक्तात विचारलंय, देवर का म्हणायचं? आणि उत्तर दिलंय, तो दुसरा वर म्हणून. विधवेने दिराशी लग्न करायची चाल डोळ्यांपुढे ठेवून दिलेलं हे उत्तर ऐकायला चोख वाटतं. पण लिथुआनियनमध्ये दीर म्हणजे 'दिएवेरिस', ग्रीकमध्ये 'दाएर', आर्मेनियनमध्ये 'तायग्र', लॅटिनमध्ये 'लेविर'. लिथुआनियनमध्ये दोनला 'दु' आणि 'द्वि' म्हणतात, पण दिएवेरिसमध्ये 'द्व' कुठे आहे? ग्रीक दाएरमध्येही दोनाचा 'दुओ' नाही. शब्द या सगळ्या शाखा फुटण्याआधीचा आहे, आणि त्या काळी त्याच्या पोटात ना 'द्वि' होता ना 'वर'. यास्काला यात दोष देता येत नाही, त्याच्यापुढे एकच भाषा होती. आज मात्र हाताशी कोश असताना तेच उत्तर पुन्हा छापलं जातं. 'नणंद'चं तसंच. 'न नन्दति', काही केलं तरी खूश होत नाही ती ननान्दा. विनोद म्हणून सुरेख, व्युत्पत्ती म्हणून शून्य.

जाऊ तर बहुतेकांना साधी घरगुती वाटते. ती 'यातृ'ची. सुरुवातीच्या 'य'चा मराठीत 'ज' होतो: यात्रा-जत्रा, योगी-जोगी, यव-जव, यंत्र-जातं. यातृचं लॅटिन भावंड 'यानित्रिकेस', होमरच्या ग्रीकमध्ये 'एइनातेरेस', लिथुआनियनमध्ये 'येंते'. भावाभावांच्या बायकांनी एकमेकींना काय म्हणायचं, यासाठी वेगळा शब्द या भाषांच्या पूर्वजांकडे होता. बायकोच्या माहेरच्या नात्यांसाठी मात्र इतक्या शाखांत पसरलेले शब्द मिळत नाहीत. संस्कृत 'श्याल'ला रशियन 'शूरिन' जोडतात, एवढंच काय ते. यावरून अभ्यासक असा अंदाज करतात की त्या समाजात लग्नानंतर बाई नवऱ्याच्या घरी जात असे, म्हणून तिकडची नाती नावानिशी हवी होती. शब्दांवरून समाजाकडे उडी मारताना जपून राहावं, पण ही उडी तशी छोटी आहे.

लेकीसाठीचा शब्द मात्र आपण हरवला. दुहितृ, ग्रीक 'थुगातेर', इंग्रजी 'डॉटर'. प्राकृतात 'धूआ', कोकणीत आजही 'धूव'. मराठीत 'लेक' आणि 'मुलगी', अहिराणीत 'आंडेर'. दुहिता म्हणजे गाई दुहणारी, ही शालेय व्युत्पत्तीही जाता जाता बाजूला ठेवावी. दुहण्याच्या धातूत मूळचा 'घ' आहे, तो ग्रीकमध्ये 'ख' व्हायला हवा. थुगातेरमध्ये आहे 'ग'. हिशेब बसत नाही.

बहीण 'भगिनी'ची, तिचा 'सिस्टर'शी संबंध नाही. खरा शब्द 'स्वसृ', इंग्रजी 'सिस्टर', लॅटिन 'सोरोर'. तो मराठीतून गेला असं वाटतं, पण तो लपून बसला आहे. 'मातृष्वसृ', आईची बहीण, प्राकृतात 'माउस्सिआ', मराठीत 'मावशी'. शेवटची 'शी' ही ती जुनी बहीण. तिथला 'श' संस्कृतातला नाही बरं का. मराठीत 'इ', 'ई', 'ए' समोर आले की 'स'चा 'श' होतो, म्हणून ऊस पण माशी, सून पण मावशी.

ऊस आणि माशी यांच्यावरून 'क्ष' आठवतो. इक्षु-ऊस, मक्षिका-माशी, क्षेत्र-शेत, क्षुरिका-सुरी. हिंदीत ईख, मक्खी, खेत, पण छुरी. मराठी मुख्यतः 'च्छ'च्या वाटेने आली आणि तो 'च्छ' पुढे 'स' झाला, हिंदीकडे 'क्ख'चं वजन जास्त. तरी मराठीत राखणं, पाख, खीर आहेतच, आणि आखाजी ही अक्षय्य तृतीयेची आखातीज. दोन प्रांतांच्या प्राकृतांची सरमिसळ झाली की असं होतं, शब्द बाजारहाट करत फिरतात. सुरीचा 'क्षुर' ग्रीकमध्ये 'क्सुरोन', वस्तरा.

झिजलेला शब्द साक्षीला चांगला, आणि संस्कृतातून नव्याने उचललेला शब्द साक्षीला कुचकामी, हे इथे ठासून सांगायला हवं. 'मध' घ्या. स्वरांमधल्या 'ध'चा 'ह' व्हायला हवा, जसा दधि-दही. 'मध'मध्ये तो झालेला नाही, म्हणजे हा शब्द पंडितांच्या हातून परत आलेला. नियमाने झिजलेला भाऊ 'मोहोळ'मध्ये आहे, आणि सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे तो झाडावर आहे: मधूक, महुअ, मोह. त्याच मधुचं इंग्रजी 'मीड', म्हणजे मधाची दारू, लिथुआनियन 'मेदुस', ग्रीक 'मेथु'. मोहाच्या फुलांची दारू आणि युरोपातल्या मधाची दारू यांची नावं एकाच घरची आहेत.

एकच शब्द कितीदा आणि कुठल्या दारांनी येतो हे बघायचं तर 'सात'. एक सात घरचा, सप्त-सत्त-सात. दुसरा 'सप्ताह' संस्कृतातून, गावोगावच्या हरिनामाचा. तिसरा 'हप्ता' फारसी 'हफ्त'वरून, कर्जाचा. चौथा 'सप्टेंबर', लॅटिन 'सेप्तेम'चा, जुन्या रोमन पंचांगातला सातवा महिना. चारही एकाच मुळाचे, पण मराठीने वारशाने मिळवलेला एकच. हात आणि दस्तऐवजातला 'दस्त' यांचंही तसंच, बांधणं आणि 'बंद' यांचंही. फारसीने मूळच्या 'स'चा 'ह' केला, ग्रीकनेही केला: हेप्ता. पण दोघांनी आपापला केला. आणखी एक फसगत: इ.स.पू. १४व्या शतकाच्या आसपास किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाच्या हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली जुनी भाषा) लेखात 'सत्त' असा सात येतो. प्राकृत इतकं जुनं, अशी आरोळी ठोकण्याआधी हे ध्यानात घ्यावं की तो लेख हुर्रियन या शेजारच्या, या कुळाबाहेरच्या भाषेच्या मुलखातून आला आहे, आणि त्या भाषेतल्या सातच्या शब्दाची छाया त्यावर पडलेली असणं जास्त संभवतं.

आता वावरात या. बैलाच्या खांद्यावर जू आहे. युग, जुअ, जू. ग्रीक 'झुगोन', लॅटिन 'युगुम', इंग्रजी 'योक', हित्तीत 'युकान'. लिंगसुद्धा टिकलं: संस्कृतात युगम् नपुंसक, ग्रीक-लॅटिनमध्ये नपुंसक, मराठीत 'ते जू'. गाडीचं चाक 'चक्र', ग्रीक 'कुक्लोस', इंग्रजी 'व्हील'. कण्याचा 'आस' म्हणजे 'अक्ष', लॅटिन 'आक्सिस', इंग्रजी 'ॲक्सल'. हे तीन शब्द एकत्र मिळतात म्हणून त्या पूर्वजांना चाकाची गाडी ठाऊक होती असं म्हणता येतं.

पण जुवाच्या मागे बांधलेला नांगर? संस्कृत 'लांगल'. त्याला ग्रीक-लॅटिनमध्ये कोणी नाही. नातलग सापडतात ते झारखंडकडच्या मुंडा भाषांत, आणि पार कंबोडियाच्या ख्मेरमध्ये. म्हणजे एकाच औताला दोन कुळं जुंपलेली आहेत. आणि खानदेशाची मोठी पिकं बघितली तर युरोपाकडचा धागा जवळजवळ तुटतोच. 'कदली'चं केळं या कुळाचं नाही. 'कार्पास'चा कापूस नाही. ग्रीक 'कार्पासोस' आणि लॅटिन 'कार्बासुस' दिसतात खरे, पण ते मालाबरोबर इथून तिकडे गेलेले. व्यापारी शब्द ओळखायचा कसा? वारशाच्या शब्दांत आवाज नियमाने बदललेले असतात, उसन्या शब्दांत ते जवळपास जसेच्या तसे असतात. 'शर्करा' आणि ग्रीक 'साक्खारोन' बघा. प्राकृत 'सक्कर' तोंडी ठेवलं तर ग्रीक शब्द मूळ संस्कृतातून नव्हे, प्राकृतातून गेला हेही कळतं.

या सगळ्यांत भरताचं वांगं सर्वांत भटकं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पऱ्हाट्यांच्या जाळावर साल काळी होईस्तो भाजायचं, देठाला धरून सोलायचं, हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायचं. यातली मिरची अमेरिकेची, पोर्तुगिजांनी आणली. तिला आपल्या काळ्या मिऱ्याचं 'मरिच' हे नाव चिकटलं. वांग्याचं नाव उलट दिशेने गेलं. संस्कृत 'वातिंगण', बहुधा द्रविडी मुळाचं. तिथून फारसी 'बादिंगान', अरबी 'बादिंजान', अरबांबरोबर स्पेनमध्ये 'बेरेंखेना', कातालानमध्ये अरबी 'अल' जोडून 'आल्बेर्जिनिया', त्यावरून फ्रेंच 'ओबेर्जीन'. पोर्तुगीज 'बेरिंजेला' गोव्याच्या वाटेने परत आलं आणि इंग्रजांच्या तोंडी 'ब्रिंजल' झालं. आपल्या बाजारातला इंग्रजी शिकलेला भाजीवाला 'ब्रिंजल' म्हणतो तेव्हा तो आपल्याच शब्दाचा परदेशातून घरी आलेला अवतार वापरत असतो. या प्रवासातला एकही टप्पा कुळाचा नाही, सगळे उसनवारीचे. पण म्हणून ही व्युत्पत्ती कमी प्रतीची नव्हे. 'सगळं संस्कृतातून' आणि 'सगळं युरोपाशी जोडलेलं' हे दोन्ही हट्ट वांग्यापुढे टिकत नाहीत.

कधी उसना आणि वारशाचा हा प्रश्नच पुसट होतो. 'तवा' संस्कृत 'तप्'वरून प्राकृतातून आला की फारसी 'ताबा'वरून, यावर कोशकारांत दोन मतं आहेत. पण फारसी शब्दही तापण्याच्या त्याच मूळ धातूचा, लॅटिन 'तेपिदुस'ही त्याचाच. तापी नदीच्या नावाचं स्पष्टीकरणही याच धातूवरून देतात, सूर्याची कन्या म्हणून. नद्यांची नावं मात्र सगळ्यात चकवणारी असतात. जुनं, अर्थ विसरलेलं नाव नव्या भाषेतल्या ओळखीच्या शब्दासारखं वळवून घेण्याची लोकांना सवय असते, त्यामुळे तापीबद्दल पैज लावू नये.

राहिलं खुद्द 'खानदेश'. कान्हदेश, स्कंददेश, सेउणदेश, आणि फारुकी सुलतानांच्या 'खान' या पदवीवरून खानदेश, अशी मतं आहेत. सेउणदेश ध्वनीवरच बाद होतो, 'से'चा 'ख' करणारा कुठलाही नियम मराठीत नाही. कान्हदेश इतक्या सहज बाद करता येत नाही. 'क'चा 'ख' मराठीत कधीकधी होतो: ज्यावर मांडे भाजतात ते खापर संस्कृत 'कर्पर'चं. अहिरांशी कान्हाचा संबंधही जुना, आणि आभीर-अहीर हा भ-ह बदल अगदी नियमातला. पण ध्वनी 'होऊ शकतो' एवढंच सांगतात, 'झालं' हे कागद सांगतो. नावं कागदाने बदलतात हेही इथेच दिसलं आहे: १६०१ साली अशीरगड पडल्यावर अकबराने मुलगा दानियाल याच्या नावाने या सुभ्याचं नाव 'दानदेश' केलं, त्यात कुठलाही ध्वनिनियम नव्हता. ज्याला कान्हदेश हवा आहे त्याने १४व्या शतकाच्या अखेरीस थाळनेरला फारुकी बसण्याआधीचा एखादा ताम्रपट किंवा पोथी दाखवावी, ज्यात हा मुलूख त्या नावाने लिहिलेला आहे. तोवर पारडं खानाकडे झुकलेलं आहे.